एकच प्लॅटफॉर्म, वेगवेगळे बिल्ले : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मध्यम आकाराच्या सेडान गाड्यांवर जो लेख आला होता, त्यात ‘स्कोडा स्लाविया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या दोन्ही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या आहेत’ असे एक वाक्य जाता जाता लिहिले होते. त्या एका वाक्यावरच इतकी पत्रे आली, की या वेळचा सबंध स्तंभ त्यालाच द्यावा लागत आहे. पत्रांतला खासगी मजकूर गाळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे असे, की या दोन्ही गाड्या मुळात एकच असून कंपनी फक्त बिल्ला बदलून गिऱ्हाइकाला फसवते, तेव्हा जी स्वस्तात पडेल ती घ्यावी. शोरूममधील विक्रेता मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असल्याचे सांगतो. आमचे जाणे-येणे मुख्यतः लातूर ते पुणे असते आणि आठवड्याला एखादी फेरी शेतापर्यंत होते. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोघांनीही अर्धेच सांगितले आहे, तरी पारडे भावाकडे अधिक झुकते. आधी प्लॅटफॉर्म म्हणजे काय ते पाहू. जुन्या जीपला किंवा ट्रकला जशी वेगळी चॅसी असते, तशी ती आजच्या कारला नसते. बॉडी आणि सांगाडा एकच असतो. त्यामुळे प्लॅटफॉर्म हा गाडीखालून काढून दाखवता येईल असा भाग नव्हे. गाडीची फरशी, इंजिन व गिअरबॉक्स टेकवण्याच्या जागा, पुढचे-मागचे सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, वायरिंगची मूळ मांडणी आणि हे सर्व ज्या यंत्रांवर व ज्या साच्यांतून तयार होते ती व्यवस्था, या साऱ्यांचे मिळून ते नाव आहे. एकाच सुताराकडून सारखीच आख आणि सारखीच चाके घेऊन एका शेतकऱ्याने वर कडबा वाहण्याचा साटा बसवावा आणि दुसऱ्याने माणसे बसवण्याची दमणी करावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की कारच्या बाबतीत खर्चाचा मोठा वाटा त्या न दिसणाऱ्या खालच्या भागातच जातो.

आता आकडे पाहा. स्लाविया आणि व्हर्टस या दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २६५१ मिलिमीटर आहे, दोन्हींची रुंदी १७५२ मिलिमीटर आहे, दोन्हींची डिकी ५२१ लिटरची आहे आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्सही दोन्हींचा १७९ मिलिमीटरच आहे. एक लिटरचे तीन सिलिंडरचे ११५ पीएसचे आणि दीड लिटरचे चार सिलिंडरचे १५० पीएसचे, अशी तीच दोन टर्बो पेट्रोल इंजिने दोन्हीकडे मिळतात. एक लिटरला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा आणि दीड लिटरचा ड्युअल क्लचचा सात गिअरचा, हेही दोन्हीकडे सारखेच. एप्रिल २०२३ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने या गाड्यांचे निकाल जाहीर केले तेव्हा प्रौढ आणि बालक या दोन्ही गटांत दोन्हींना पाच तारे मिळाले आणि गुणही सारखेच पडले. लांबीत मात्र व्हर्टस ४५६१ आणि स्लाविया ४५४१ मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटरचा फरक आहे. चाकांमधले अंतर एकच असल्यामुळे हे दोन सेंटिमीटर चाकांच्या पुढे-मागे गेलेले आहेत आणि आत बसणाऱ्याच्या गुडघ्यांना त्यांचा काही उपयोग नाही.

वेगळे काय, तर पुढचा-मागचा पत्रा, दिवे, जाळी, डॅशबोर्ड, सीटचे कापड आणि कोणत्या मॉडेलला कोणती सोय द्यायची याचे गणित. ‘जमीन-अस्मान’ हा शब्द या यादीसाठी फार मोठा झाला. पण भाऊ म्हणतात तशी केवळ बिल्ल्याची अदलाबदलही येथे झालेली नाही. तसे उदाहरण हवे असेल तर २०११ मध्ये आलेली निसान सनी आणि २०१२ मध्ये आलेली रेनॉ स्काला आठवून पाहावी. तेथे बॉडीही तीच होती, बदलले होते ते तोंड आणि किरकोळ सजावट. सुझुकी बलेनो आणि टोयोटा ग्लान्झा याही त्याच जातीच्या. अशा व्यवहारात दुसरी कंपनी तयार गाडी घेऊन स्वतःच्या नावाने विकते. स्लाविया-व्हर्टसमध्ये बाहेरचा आकार आणि आतली मांडणी यांवर दोन्हीकडे स्वतंत्र काम झालेले आहे. ते आपल्या पसंतीला किती उतरते, हा ज्याचा त्याचा प्रश्न. गिऱ्हाइकाची फसवणूक होते ती एकच वस्तू दोन नावांनी विकली म्हणून नव्हे, तर आतली वस्तू एकच आहे हे लपवून फरक फुगवून सांगितला म्हणून. आणि तेवढ्यापुरता आपल्या विक्रेत्याचा कान धरायला हरकत नाही.

निवडीचे म्हणाल, तर दोन बाबींकडे पाहा. पहिली, कोणत्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर आपल्याला सोयीचे आहे. लातूरकरांना कामासाठी सोलापूर किंवा पुणे गाठणे नवे नाही. पण दर सर्व्हिसिंगला एक दिवस मोडणार असेल, तर तो दिवस किमतीतल्या फरकाहून महाग पडतो. दुसरी बाब शेताच्या रस्त्याची. ग्राउंड क्लिअरन्स सारखाच असल्याने त्यावर दोन गाड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही, तुलना टायरची करावी. खालच्या मॉडेलचा १५ इंची टायर १९५/६५ मापाचा असेल, तर त्याच्या बाजूची उंची सुमारे १२७ मिलिमीटर भरते. वरच्या मॉडेलच्या १६ इंची २०५/५५ टायरची सुमारे ११३ भरते. पाणंद रस्त्यावरच्या दगडाला हे सव्वा-दीड सेंटिमीटर रबर बरेच समजते. वरचे मॉडेल घेणारा चकचकीत अलॉयसाठी पैसे मोजतो आणि तेच अलॉय बांधावर वाकवून बसतो, हे गॅरेजमध्ये नेहमी पाहायला मिळते.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शाखेला आहे. ऑक्टाव्हिया, सुपर्ब आणि कोडिॲक या तिन्ही गाड्या ‘एमक्यूबी’वर आहेत असे वाचले. तिघींची लांबी वेगळी, उंची वेगळी, मग कायम काय राहते? (एक विद्यार्थी, जालना)

उत्तर : प्रश्न नेमका आहे. एमक्यूबी ही फोक्सवॅगन समूहाने (स्कोडा आणि ऑडी याच समूहातल्या) २०१२ मध्ये ऑडी ए३ आणि सातव्या पिढीची गोल्फ या गाड्यांपासून सुरू केलेली रचना असून, ज्या गाड्यांत इंजिन आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने, बसते त्यांच्यासाठी ती आहे. तीत सर्वांत कडकपणे पाळलेले माप एकच आहे, ते म्हणजे पुढच्या चाकाच्या केंद्रापासून ॲक्सिलरेटरच्या पेडलपर्यंतचे अंतर. चाकांमधले अंतर, रुंदी, चाकांच्या पुढे-मागे उरणारी लांबी, टायरचा आकार हे सारे त्या त्या गाडीप्रमाणे बदलता येते.

हेच माप का, याचे उत्तर गाडीचे बॉनेट उघडले की मिळते. चाकापासून पेडलपर्यंतच्या त्या हातभर जागेत इंजिनाची मागची बाजू, गिअरबॉक्स, स्टीअरिंगचा रॅक, ब्रेकचा बूस्टर, एसीचा संच, वायरिंग आतबाहेर जाण्याची भोके आणि समोरून धडक बसली असता बळ कोठे वळवायचे याची सगळी आखणी दाटीवाटीने बसवलेली असते. गाडीच्या रचनेतील सर्वांत महागडे आणि चाचणीला सर्वांत जास्त वेळ खाणारे काम हेच आहे. ते एकदा नीट जमले, की पुढच्या प्रत्येक गाडीला त्याचे पैसे नव्याने मोजावे लागत नाहीत. पेडलच्या मागे फरशी लांबवणे त्या मानाने स्वस्त पडते. तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाच्या चाकांमधले अंतर २६८६ मिलिमीटर आणि त्याच काळातील सुपर्बचे २८४१ मिलिमीटर होते. हे १५५ मिलिमीटर पेडलच्या मागे वाढलेले आहेत आणि त्यांचा मोठा लाभ मागच्या सीटवरच्या माणसाच्या पायांना होतो. सुपर्बमध्ये मागे बसून ज्यांनी पाय लांब केले असतील, त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एमक्यूबीच्या आधी या समूहाची छोटी पेट्रोल इंजिने पुढे कललेली असत, त्यांचा एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूला निघत असे, आणि डिझेल इंजिने उलट मागे कललेली असत. एकाच गाडीला पेट्रोल आणि डिझेल द्यायचे, तर माउंटिंग, पाइप, उष्णतेपासून बचावाचे पत्रे हे सारे दोनदा करावे लागे. एमक्यूबीसाठी पेट्रोल इंजिनेच नव्याने घडवली आणि पेट्रोल असो वा डिझेल, सर्वांना मागे १२ अंश कलून, एक्झॉस्ट मागे ठेवून बसवायचे ठरवले. प्लॅटफॉर्मची बचत म्हणतात ती अशा ठिकाणी होते. वर्कशॉपमध्ये आधीच्या पिढीची पोलो आणि स्लाविया शेजारी शेजारी मिळाल्या, तर दोन्हींचे बॉनेट उघडून एक्झॉस्ट कोणत्या बाजूला निघतो ते पाहून घ्या. पुस्तकातल्या चार पानांचे काम होईल.

जुन्या पद्धतीचे प्लॅटफॉर्म इतके लवचिक नव्हते, तरीही त्यांच्यावर वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या गाड्या निघतच होत्या. २००१ पासून आपल्याकडे मिळू लागलेली पहिली ऑक्टाव्हिया, चौथ्या पिढीची गोल्फ, पहिली ऑडी ए३, ऑडी टीटी आणि न्यू बीटल या सर्व एकाच प्लॅटफॉर्मच्या होत्या. ऑक्टाव्हिया आणि बीटल शेजारी उभ्या केल्या तर चेहऱ्यावरून नाते कोणाला सांगता येणार नाही.

स्लाविया, व्हर्टस आणि त्यांच्या एसयूव्ही बहिणी कुशाक व टायगुन यांचा प्लॅटफॉर्म म्हणजे एमक्यूबीच्या लहान गाड्यांसाठीच्या उपशाखेचा भारतीय अवतार होय. समूहाने २०१८ मध्ये भारतासाठीच्या या प्रकल्पाची सूत्रे स्कोडाकडे देऊन १०० कोटी युरोची गुंतवणूक जाहीर केली आणि युरोपात परवडणारे अनेक भाग येथे परवडत नसल्याने सुटे भाग स्थानिक पुरवठादारांकडून घडवून घेण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले. कुशाक २०२१ मध्ये आली. पुढे याच प्लॅटफॉर्मच्या चाकांमधले अंतर २५६६ मिलिमीटरपर्यंत आखडून चार मीटरच्या आतली कायलॅक काढली. लहान गाडीवरचा कमी जीएसटी मिळवायचा, तर लांबी चार मीटरच्या आत ठेवणे भागच होते. पेडलच्या मागची फरशी लांबवता येते तशी ती कमीही करता येते, याचे हे उदाहरण.

प्रश्न : या गाड्या आपल्या शेंद्र्यातच तयार होतात असे येथे सर्रास सांगितले जाते. खरे काय? आमचा चिकलठाण्यात मशिनिंगचा छोटा कारखाना आहे, म्हणून विचारतो. (एक उद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : स्लाविया, व्हर्टस, कुशाक, टायगुन या चारही गाड्या पुण्याजवळच्या चाकणला तयार होतात. शेंद्र्याच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात २००१ मध्ये ऑक्टाव्हियापासून काम सुरू झाले आणि तेथे समूहाच्या मोठ्या व महागड्या गाड्यांची, म्हणजे सुपर्ब, कोडिॲक आणि ऑडीच्या अनेक मॉडेलांची, परदेशातून पेट्यांमधून आलेल्या भागांची जोडणी होत आली आहे. संख्या कमी आणि किंमत जास्त असलेल्या गाडीसाठी प्रेस आणि साचे येथे उभारणे परवडत नाही.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. एकाच छताखाली जोडल्या गेल्या म्हणून त्या सर्व गाड्या एका प्लॅटफॉर्मच्या ठरत नाहीत. सुपर्ब एमक्यूबीची, तर ऑडी ए४ आणि ए६ यांचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसते आणि त्यांचा प्लॅटफॉर्म ‘एमएलबी’ हा वेगळा आहे. ऑडीची नवी क्यू३ पुन्हा एमक्यूबीची. म्हणजे ऑडीतल्या ऑडीतही सगळ्या बहिणी सख्ख्या नाहीत.

आपल्या कारखान्याच्या दृष्टीने सांगायचे, तर सामायिक प्लॅटफॉर्म हा पुरवठादाराला लाभतोही आणि अडवतोही. चार गाड्यांसाठी चार वेगळे ब्रॅकेट करण्याऐवजी एकच ब्रॅकेट चौपट संख्येने करायचा असतो, त्यामुळे फिक्स्चरचा खर्च लवकर निघतो. पण ते काम चार छोट्या कारखान्यांत विभागून न मिळता ज्याच्याकडे ती संख्या पेलण्याची यंत्रे आहेत अशा एखाद्याच मोठ्या पुरवठादाराकडे जाते, आणि मॉडेल बदलले तर जाणारे कामही एका झटक्यात जाते. चिकलठाणा-वाळूजमधल्या छोट्या उद्योजकाने गाडीच्या कंपनीचा थेट पुरवठादार होण्याची उमेद जरूर ठेवावी. तोपर्यंत त्या मोठ्या पुरवठादाराचा पुरवठादार होण्यात कमीपणा नाही. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला आहे. तेथे काम मागायला जाताना कोणती गाडी येणार यापेक्षा कोणता प्लॅटफॉर्म येणार, हे आधी विचारावे.

प्रश्न : माझ्याकडे डिझेलची जुनी स्कोडा लॉरा आहे. गॅरेजवाला म्हणतो, जेटाचे किंवा ऑडीचे भाग डोळे झाकून बसतात. कंपनीच्या काउंटरवर मात्र ‘फक्त लॉराचाच भाग घ्या’ असे सांगतात. (एक वाचक, परभणी)

उत्तर : गॅरेजवाला जाणता दिसतो, पण डोळे झाकायचे नाहीत. लॉरा म्हणजे युरोपातील दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया. तिचा प्लॅटफॉर्म पाचव्या पिढीच्या गोल्फचा आणि त्या काळच्या जेटाचा. या समूहात प्रत्येक भागावर क्रमांक असतो आणि त्याची पहिली तीन अक्षरे तो भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगतात. गोल्फचे ‘१के०’, त्या ऑक्टाव्हियाचे ‘१झेड०’, पसाटचे ‘३सी०’, दुसऱ्या सुपर्बचे ‘३टी०’. पुढच्या तीन अंकांतील पहिला अंक गट सांगतो : १ इंजिनाचा, ४ पुढच्या ॲक्सलचा, ५ मागच्याचा, ६ चाके आणि ब्रेकचा, ९ विजेचा. लॉराच्या पुढच्या चाकाचा लोअर आर्म काढून पुसला, तर त्यावर ‘१के० ४०७’ असा क्रमांक दिसेल. म्हणजे आपल्या लॉरातही तो आर्म गोल्फचाच आहे आणि जेटातही तोच आहे. शेवटी येणारे एखादे अक्षर ही सुधारित आवृत्ती असते आणि तेवढ्या एका अक्षराकडे दुर्लक्ष केल्यामुळे बुश किंवा जॉइंट न जुळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. काउंटरवर गाडीचे नाव सांगू नये, हा क्रमांक सांगावा. काउंटरवरचा माणूसही संगणकात शेवटी तोच टाकतो.

जेथे एकच जागा असूनही मापे निराळी असतात, तेथे सावध राहावे. याच प्लॅटफॉर्मवर पुढची ब्रेक डिस्क इंजिनाप्रमाणे २८०, २८८ किंवा ३१२ मिलिमीटरची लावलेली असे. जेटाची डिस्क लॉराला चालेल की नाही हे गाडीच्या नावावरून ठरत नाही, आपल्या गाडीवर कोणते माप आहे त्यावरून ठरते. डिकीतल्या स्टेपनीच्या खोबणीत एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरच्या तीन-तीन अक्षरांच्या संकेतांत ही माहिती असते. ती पट्टी फाटण्याआधी मोबाइलवर तिचे छायाचित्र काढून ठेवा. चाकांचेही तसेच. लॉराच्या चाकाला ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट आहेत, त्याआधीच्या ऑक्टाव्हियाच्या चाकाला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. भंगार बाजारात ‘स्कोडाचा अलॉय’ म्हणून मिळालेले चाक न बसण्याचे बहुतेक वेळा हेच कारण असते.

इंजिन कंट्रोल युनिट, मीटरचा संच आणि चावी हे भाग मात्र एका गाडीतून काढून दुसरीत लावण्याच्या भानगडीत पडू नये. चोरीपासून बचावासाठी ते एकमेकांशी जोडलेले असतात आणि योग्य संगणकीय जुळणी झाल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. आपली लॉरा १.९ टीडीआय असेल, तर विचारले नसले तरी एक सांगतो : त्या इंजिनात डिझेलचा दाब प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टरच तयार करतो आणि त्याचा भार कॅमशाफ्टवर येतो. म्हणून त्याला फोक्सवॅगनच्या ५०५.०१ मानकाचे ऑइल लागते. ‘डिझेलचे ऑइल सगळे सारखेच’ असे म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये या इंजिनाचा कॅम झिजवून घेऊ नये.

प्रश्न : माझ्या मामांकडे ओपेल व्हेक्ट्रा होती. ती कंपनी गेली, गाडीही गेली. प्लॅटफॉर्म वाटून घेतल्याने पैसा वाचतो, तर मग अशा कंपन्या बुडतात कशा? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपल्या मामांची व्हेक्ट्रा २००२ नंतरची असेल, तर ती या विषयावरचे चांगलेच उदाहरण होती. ओपेलची तेव्हाची मालक असलेल्या जनरल मोटर्सने ‘एप्सिलॉन’ नावाचा मध्यम गाड्यांचा प्लॅटफॉर्म २००२ च्या त्या व्हेक्ट्रापासून सुरू केला आणि त्यावर स्वीडनची साब ९-३, अमेरिकेतील शेव्हरोले मालिबू, पॉन्टिॲक जी६, सॅटर्न ऑरा, आणि तेव्हा फियाटशी भागीदारी असल्यामुळे इटलीची फियाट क्रोमाही उभी केली. कागदावर पाहिले तर याहून चांगली बचत कोणती!

घडले असे, की ही बचत दोन्ही टोकांनी गळत गेली. साबच्या अभियंत्यांना आपली गाडी साबसारखीच हवी होती. इग्निशनची चावी त्यांनी परंपरेप्रमाणे दोन सीटच्या मध्ये ठेवली, मागच्या चाकांना वळणावर किंचित वळवणारे स्वतःचे सस्पेन्शन लावले, आणि वाटून घेतलेल्या रचनेचा बराच भाग पुन्हा आपल्या मनाप्रमाणे केला; अभियंता म्हणून त्यांचे कौतुकच वाटते, हिशेबनीस म्हणून नव्हे. अमेरिकेत याउलट झाले. मालिबू, जी६ आणि ऑरा यांत गिऱ्हाइकाला पुरेसा फरक दिसेना, त्यामुळे एकाच घरातील तीन दुकाने एकमेकांचेच गिऱ्हाईक ओढू लागली. प्लॅटफॉर्म एक असला तरी जाहिरात, विक्रेते आणि कार्यालये प्रत्येक नावाची वेगळी पोसावी लागतात. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, पॉन्टिॲक आणि सॅटर्न २०१० मध्ये बंद झाल्या, साब विकली गेली आणि डिसेंबर २०११ मध्ये तीही दिवाळखोरीत निघाली. त्यांच्या बुडण्याला इतरही कारणे होती. पण प्लॅटफॉर्म हा खर्चावरचा उपाय आहे, गिऱ्हाईक आणण्याचा नव्हे, एवढे यावरून दिसते. भारतात जनरल मोटर्सने २०१७ अखेर विक्री थांबवली. पुढे तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला.

प्रश्न : एका गाडीत दोष निघाला तर त्या प्लॅटफॉर्मच्या सर्वच गाड्यांत तो असणार ना? मग ही जोखीमच झाली. (एक वाचक, बीड)

उत्तर : दोष वाटून घेतलेल्या भागात असेल, तर होय. सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण प्लॅटफॉर्मचे नसून वाटून घेतलेल्या इंजिनाचे आहे. उत्सर्जनाच्या चाचणीत फसवणूक करणाऱ्या संगणक प्रणालीचे प्रकरण सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा ‘ईए १८९’ हे डिझेल इंजिन समूहाच्या अनेक नावांत वापरलेले असल्यामुळे जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. भारतात डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर झाले. त्यात फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० होत्या. ज्यांनी ऑडीसाठी दुप्पट पैसे मोजले, त्यांची गाडीही त्याच यादीत आली.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. जो भाग लाखो गाड्यांत जातो, त्याची चाचणी अधिक होते, त्याचा दोष लवकर उघडकीला येतो आणि दुरुस्ती कशी करावी हे अनेक गॅरेजना ठाऊक होते. हजार-दोन हजार गाड्यांपुरत्या बनलेल्या भागात दोष निघाला, तर त्याचा वाली शोधत फिरावे लागते. मला स्वतःला पहिली जोखीम परवडते. आपल्या बहिणीच्या गाडीला, म्हणजे त्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या नावाच्या गाडीला, परत बोलावल्याची बातमी आली, तर स्वतःच्या कंपनीच्या पत्राची वाट पाहत बसू नये. आरसी बुकवर सतरा अक्षर-अंकांचा चॅसी क्रमांक असतो; तो घेऊन आपल्या सर्व्हिस सेंटरला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे तसे काही आलेले नाही’ या तोंडी उत्तरावर समाधान मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांतही असेच आहे का? हिंगोलीत दोन्हींचा गवगवा आहे. (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : त्या दोन्ही गाड्या २०२२ मध्ये आल्या, दोन्हींच्या चाकांमधले अंतर २६०० मिलिमीटर आहे आणि दोन्ही कर्नाटकातील बिडदीच्या टोयोटाच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. सौम्य हायब्रिडचे इंजिन सुझुकीचे आणि स्ट्राँग हायब्रिडची यंत्रणा टोयोटाची, ही वाटणीही दोन्हीकडे सारखीच आहे. पत्रा, दिवे आणि सजावट यांत फरक आहे, पण स्लाविया-व्हर्टसपेक्षा नाते अधिक जवळचे. ज्याची डिलिव्हरी लवकर मिळते आणि ज्याचे वर्कशॉप हिंगोली, नांदेड किंवा वाशीमला आपल्या नेहमीच्या रस्त्यावर पडते, ती घ्यावी.